रोजचा खर्च भागवायला घरावर टॉप-अप घ्यावा का? पीएफ काढावा का? पेन्शन विकावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५४, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात २२ वर्षं नोकरी. हाती पगार ३१,०००, मूळ पगार आणि डीए मिळून २४,०००. अनगोळमध्ये स्वतःचं घर, त्यावर ७ लाख गृहकर्ज बाकी, व्याज पावणेनऊ टक्के, हप्ता ९,२००. शिवाय सोसायटीचं, म्हणजे पतसंस्थेचं, कर्ज (बाकी १,४०,०००, हप्ता ६,७००), बायकोच्या गटाचं कर्ज (बाकी ५२,०००, आठवड्याला १,०५०) आणि बाईक (बाकी २८,०००, हप्ता २,५००). कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे २,००० धरूनही महिन्याला ८,००० कमी पडतात. आजवर पिग्मी (रोजची छोटी बचत) मोडून आणि हातउसने घेऊन भागवलं. आता बँक घरावर ५ लाखांचा टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज, देते म्हणते: १० टक्के, १५ वर्षं, पण मुलाला सहकर्जदार घेऊन. पीएफमध्ये ९ लाख आहेत. एक एजंट दहा टक्के कमिशनवर 'पीएफ आणि पेन्शन दोन्ही काढून देतो' म्हणतोय. धाकटा भाऊ पुढच्या वर्षी फौजेतून निवृत्त होतोय, तर त्यानं पेन्शन विकून, म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी घेऊन, मदत करावी का, असंही विचारलंय.

आधी उत्तर, मग कारणं. पाच लाखांचा टॉप-अप घेऊ नका. २ लाख २० हजारांचा घ्या, चार वर्षांचा, मुलाला न अडकवता, आणि त्यातला एक रुपयाही हातात न घेता. पीएफला हात लावू नका. पेन्शन काढून देतो म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. भावाची पेन्शन हा वेगळा हिशेब आहे, तो खाली मांडलाय.

खड्डा किती खोल आहे ते आधी मोजू. महिन्याला ८,००० कमी पडतात म्हटलं की हे आता कायमचंच झालं असं वाटतं. तुमच्या बाबतीत तसं नाही. बाईकचे हप्ते बारा महिन्यांत संपतात, गटाचे तेरा-चौदा महिन्यांत, सोसायटीचे अजून २६ उरलेत. म्हणजे पहिलं वर्ष ८,००० प्रमाणे ९६,०००. पुढचे दोन महिने ५,५०० प्रमाणे ११,०००. त्यापुढचं वर्ष १,३०० प्रमाणे १५,६००. झाले १,२२,६००. यात एक बारीक गोष्ट राहते: गटाचा हप्ता आठवड्याचा आहे. महिन्याचे चार आठवडे धरून तुम्ही ४,२०० लिहिलेत, पण वर्षात चार महिने पाच आठवड्यांचे येतात आणि त्या महिन्यात १,०५० जास्त जातात. घरोघरी 'या महिन्यात कुठं गेले कळत नाही' म्हणतात ते पैसे पुष्कळदा इथंच गेलेले असतात. ते धरून एकूण खड्डा १ लाख २८ हजारांच्या आसपास. सत्ताविसाव्या महिन्यापासून तुमच्याकडं दरमहा पाच हजारांच्या वर शिल्लक पडायला लागेल.

या सव्वा लाखाच्या खड्ड्यासाठी बँक पाच लाख देऊ करते. १५ वर्षांचा हप्ता ५,३७३, म्हणजे एकूण परतफेड ९ लाख ६७ हजार. उरलेल्या पावणेचार लाखांचं काय होतं हेही ठरलेलं आहे: घराला रंग, लग्नाचा आहेर, मोठा टीव्ही. यातलं काही वाईट नाही, पण त्याचा हप्ता तुम्ही ६९ वर्षांचे होईपर्यंत चालेल.

ज्यांची तूट खरोखर कायमची आहे, म्हणजे हप्त्यांमुळं नव्हे तर मिळकतच कमी असल्यामुळं आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब आणखी कठोर आहे. तूट ८,०००, त्यात नवा हप्ता ५,३७३ मिळवला की तूट १३,३७३ होते. पाच लाख अशा तुटीत घातले तर सदतीस महिन्यांत संपतात. त्या दिवशी हातात काही नसतं, दरमहाची तूट साडेतेरा हजारांच्या घरात असते आणि घरावर अजून ४ लाख ४८ हजार बाकी असतात. घर गहाण ठेवून किराणा भरला की हे असं होतं. किराणा तीस दिवसांत संपतो, त्याचं कर्ज एकशेऐंशी महिने फेडायचं असतं. अशा घराला कर्ज उपयोगाचं नाही. तिथं मिळकत वाढवणं, एखादी खोली भाड्यानं देणं, किंवा नाइलाज असेल तर जागेचा तुकडा विकणं, हेच खरे मार्ग. विकलेल्या तुकड्यावर व्याज चढत नाही.

आता बँकेला मुलगा कशाला हवा ते बघा. तुमचे सगळे हप्ते मिळून २२,६०० होतात, पगाराच्या ७३ टक्के. बँका साधारण पन्नास-साठ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, आणि तुमची नोकरी चारच वर्षं उरलीय. म्हणून मुलाची मिळकत आणि मुलाचं वय दोन्ही जोडून घेतात. सहकर्जदार म्हणजे नुसती साक्षीची सही नव्हे. ते पूर्ण कर्ज मुलाच्या सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या नोंदींवर, त्याचं म्हणून दिसतं. उद्या तो स्वतःच्या घरासाठी बँकेत गेला की हा हप्ता त्याच्या पात्रतेतून आधी वजा होतो. तुमचा एखादा हप्ता चुकला तर डाग त्याच्या नावावर पडतो. पाव शतकाचं करिअर समोर असलेल्या पोराचं नाव किराणा-बिलासाठी अडकवू नका.

मी सुचवतो तो मार्ग असा. सोसायटी, गट आणि बाईक मिळून बाकी २,२०,०००. तेवढाच टॉप-अप, १० टक्क्यांनी, ४८ महिन्यांसाठी. हप्ता ५,५८०. बंद होणारे हप्ते १३,४००. महिन्याला ७,८२० सुटतात, म्हणजे तुमची तूट जवळपास भरूनच निघते. एकूण हप्ते १४,७८० होतात, पगाराच्या ४८ टक्के, म्हणजे मुलाशिवायही बँकेच्या मापात बसतं. आणि हे कर्ज तुमच्या ५८ व्या वर्षी नोकरीबरोबर संपतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर यात व्याज वाचत नाही. टॉप-अपवर चार वर्षांत साधारण ४८,००० व्याज जाईल. आहेत तीच कर्जं चालू ठेवली तर त्यांच्यावर ४३-४४ हजार जाईल, कारण ती लवकर संपणारी आहेत. वरचे चार-पाच हजार आणि बँकेचा खर्च ही महिन्याची गळती थांबवण्याची किंमत आहे. दोन वर्षं हातउसने मागत फिरण्यापेक्षा किंवा गटाचं एक कर्ज फेडायला दुसरं काढण्यापेक्षा ती नक्कीच परवडते. वैयक्तिक फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या कर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नसतो, तेव्हा बोनस किंवा फरक मिळाला की मुद्दलात भरा, हा फरकही निघून जाईल.

सोसायटीत जाण्याआधी एक सावधगिरी. सोसायटीचा '१२ टक्के' दर बहुधा फ्लॅट असतो, म्हणजे पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर शेवटपर्यंत व्याज. लाखाचं तीन वर्षांचं कर्ज असेल तर ३६,००० व्याज मिळवून ३६ नं भागतात, हप्ता ३,७७८. घटत्या बाकीवर मोजलं तर हा दर सव्वाएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून ते बदलून १० टक्क्यांवर आणणं योग्य. पण फ्लॅट कर्ज मधेच बंद करताना काही सोसायट्या उरलेल्या सगळ्या हप्त्यांची रक्कम मागतात. तुमच्या बाबतीत ती २६ गुणिले ६,७०० म्हणजे १,७४,२०० होते. १,४०,००० वर बंद करून देत असतील तरच पुढं जा. १,७४,२०० च मागत असतील तर सोसायटीचं कर्ज आहे तसं चालू ठेवा, फक्त गट आणि बाईक बंद करा, आणि उरलेली तूट वर्षभरासाठी सोन्यावर कमी रकमेचं बँक कर्ज काढून भरा. म्हणून पहिली पायरी ही: तिन्ही ठिकाणांहून 'आज तारखेला पूर्ण बंद करायला किती' हा आकडा लेखी घ्या, सही-शिक्क्यासह. तोंडी आकड्यावर बँकेत अर्ज करू नका.

दुसरी पायरी: बँकेला सांगा की रक्कम माझ्या खात्यात नको, थेट तिन्ही कर्जखात्यांत भरा. बँका हे करतात. हातात आलेले दोन लाख दोन लाख राहत नाहीत. तिन्हीकडून बेबाकी दाखला घ्या. बाईकच्या आर.सी. वरचा बोजा उतरवून घ्या. सोसायटीनं कोरे चेक घेतले असतील तर ते मोजून परत घ्या. आणि गटातल्या बाईनं 'कर्ज संपलं, आता नवीन उचल' म्हटलं की नाही म्हणायचं. जुनं मिटवून चार महिन्यांत तेच पुन्हा उभं राहिलं तर तुम्ही बिनतारणी कर्ज घरावर आणून ठेवलंत आणि बिनतारणीही पुन्हा घेतलंत. टॉप-अप फसतो तो बहुतेक वेळा इथंच.

बँकेचं कर्ज मंजूर होताना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद मिळतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो प्रत्येक किरकोळ कर्जाला सक्तीचा आहे, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत देण्याचं बंधन आहे. आपल्या भागात कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये पुढं करतात आणि आपण बोट दाखवतील तिथं सही करतो. मराठीत मागा. तो हक्क आहे, उपकार नव्हे. त्यात तीन ठिकाणी बघा. एक, वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा व्याजदर. दहा टक्के सांगितलेलं कर्ज इथं साडेअकरा दिसलं तर मधे काहीतरी घुसलंय. दोन, विमा. कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा विमा घालून ती रक्कम कर्जातच मिळवतात, म्हणजे विम्यावरही व्याज. कर्ज देण्यासाठी तो सक्तीचा नाही. विमा हवाच असेल तर वेगळा टर्म विमा घ्या. तीन, दर वाढला तर काय वाढणार, हप्ता की मुदत? रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या सूचनेप्रमाणे हे निवडायचा पर्याय तुम्हाला दिला पाहिजे. तुम्ही 'हप्ता वाढवा' निवडा. मुदत वाढली तर ती निवृत्तीच्या पलीकडं जाते. सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीच्या कर्जात हा कागद हातात पडल्यापासून किमान तीन कामाचे दिवस तुम्हाला विचार करायला मिळतात. 'आजच सही करा' म्हणणाऱ्याला हे सांगा.

कागदपत्रांत आपल्याकडं कुठं अडतं? अनगोळ, वडगाव, शहापूर महापालिकेत येतं, तिथं ई-खाता (मिळकतीचा ऑनलाइन उतारा) लागतो. शहराबाहेरच्या पंचायतीतल्या घराला ई-स्वत्तूचे (पंचायतीच्या ऑनलाइन नोंदीचे) फॉर्म ९ आणि ११ अ लागतात. ११ ब असेल तर बहुतेक बँका नाही म्हणतात, मग माणूस नाइलाजानं जास्त व्याजाच्या फायनान्सकडं जातो. घर अजून वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसा लावायला लागतो, कन्नड कागदावर त्याला 'पौती खाते' म्हणतात. त्यात बहिणींचा हक्क येतो आणि त्यांच्या सह्या लागतात. ही गोष्ट महिना-दोन महिने खाते, तेव्हा पैशाची निकड आहे म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. नोकरी कागलच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आणि घर निपाणीत, असं असलं तर कर्ज घराजवळच्या, कर्नाटकातल्या शाखेतून घेणं सोपं जातं. गहाणाची नोंद मिळकत जिथं आहे तिथल्याच सबरजिस्ट्रार ऑफिसात, कर्नाटकाच्या स्टॅम्पवर होते.

कर्जाआधी आणि कर्ज फिटल्यावर, दोन्ही वेळा कर्नाटकाच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ई.सी., म्हणजे मिळकतीवरच्या नोंदींचा दाखला, काढा. कन्नडमध्ये त्यावर 'ऋणभार' असं लिहिलेलं असतं. फॉर्म १६ आला तर त्या काळात मिळकतीवर कसली नोंद नाही. फॉर्म १५ आला तर आत तक्ता असतो: मिळकतीचं वर्णन, दस्ताची तारीख, दस्ताचा प्रकार आणि रक्कम, दोन्ही पक्षांची नावं, दस्त नंबर. प्रकाराच्या रकान्यात 'अडमान' दिसलं की ते गहाण. कर्ज फेडून पाच वर्षं झाली तरी ती नोंद तशीच असते आणि घर विकायच्या दिवशी खरेदीदार ती दाखवतो, असं पुष्कळांचं होतं. शेतजमिनीच्या उताऱ्यावर तेच ११ व्या रकान्यात बघायचं. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. १ डिसेंबर २०२३ पासूनचा हा नियम आहे.

हप्ता चुकलाच तर कोणता चुकवायचा याबद्दल घराघरांत उलटं चालतं. गटाचा माणूस बुधवारी दारात उभा राहतो, म्हणून त्याला आधी मिळतं. बँक पत्र पाठवते, म्हणून तिला शेवटी. पण घर जातं ते पत्र पाठवणाऱ्याकडं. गृहकर्ज ९० दिवस थकलं की एनपीए (थकीत खातं), त्यानंतर सरफेसी (तारण मिळकतीवरून थेट वसुलीच्या) कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, मग ताबा आणि लिलाव. त्या ६० दिवसांत लेखी हरकत द्यायची असते, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाल्यावर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. हे सगळे दिवस लोक 'बघू' म्हणत घालवतात. गटाचं सूक्ष्मकर्ज बिनतारणी असतं, त्यापायी घर जात नाही. तिथं अडचण दुसरीच आहे, तुमचा हप्ता गटातल्या बाकीच्या बायकांच्या अंगावर येतो, म्हणून त्यांना अंधारात ठेवू नका. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर येऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा सूक्ष्मकर्जासाठीचा नियम आहे. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूमही काढला. धमकी आली तर पोलिसांत लेखी तक्रार द्या, आणि तिची पोच ठेवा.

आता पीएफ. तुमच्या ९ लाखांना हात का लावायचा नाही याचं कारण तुमच्या गृहकर्जातच आहे. पावणेनऊ टक्क्यांनी, ९,२०० च्या हप्त्यानं ७ लाख फिटायला अजून सव्वानऊ वर्षं लागतात, म्हणजे तुमच्या ६३ व्या वर्षापर्यंत. ५८ व्या वर्षी पगार थांबेल तेव्हा घरावर ४ लाख ६६ हजारांच्या आसपास बाकी असतील. ती बाकी फेडायला तेव्हा तुमच्याकडं दोनच गोष्टी असतील: पीएफ आणि ग्रॅच्युइटी. ९ लाख आज आहेत तसे ठेवले आणि व्याज सव्वाआठ टक्के राहिलं तर चार वर्षांत नुसत्या व्याजानं ते १२ लाख ३५ हजारांवर जातात, नवी वर्गणी वेगळी. ग्रॅच्युइटी सोपी आहे: २४,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले सेवेची वर्षं. २६ वर्षांची ३,६०,००० होते. घर मोकळं करून वर अकरा लाखांहून जास्त हातात राहतील. तोच पीएफ आज किराण्यात गेला तर निवृत्तीनंतर ९,२०० चा हप्ता आणि साडेचार हजारांची पेन्शन असा सामना होईल.

दुसरं कारण कायद्याचं आहे. पीएफ खात्यातली रक्कम कुठल्याही धनकोला जप्त करता येत नाही, कोर्टाच्या हुकुमानंही नाही. पीएफच्या कायद्यातच तसं कलम आहे. तीच रक्कम काढून बचत खात्यात आली की ते कवच गेलं. आणि तारण दिलेल्या घराला असं कवच कधीच नसतं.

एजंट जे 'पेन्शनही काढून देतो' म्हणतो ते तुमच्या बाबतीत होऊच शकत नाही. दहा वर्षांच्या वर सेवा झाली की ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, रक्कम एकरकमी मिळत नाही. पेन्शनच मिळते, ५८ व्या वर्षी. नोकरी सोडून पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण प्रत्येक वर्षाला चार टक्के कपात, आणि ती जन्मभर. ५४ ला घेतली तर १६ टक्के कमी. पेन्शन किती बसेल? लोक सेवेची २६ वर्षं गुणिले पगाराची मर्यादा १५,००० भागिले ७० असा हिशेब करून साडेपाच हजारांवर जातात. तो चुकीचा आहे. सप्टेंबर २०१४ आधीच्या सेवेला ६,५०० चीच मर्यादा धरतात. अकरा वर्षं आधीची आणि पंधरा नंतरची धरली तर १,०२१ अधिक ३,२१४, आणि वीस वर्षांवरच्या सेवेचे दोन वर्षांचे वाढीव मिळवून साडेचार हजारांच्या आसपास. पुढच्या आयुष्याचा आराखडा या आकड्यावर बसवा. एजंटला मात्र आधार, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आणि ओटीपी देऊ नका. पीएफचा अर्ज पोर्टलवर फुकट भरता येतो. दहा टक्के कमिशन म्हणजे ९ लाखांवर ९०,०००, तुमच्या सगळ्या खड्ड्याच्या सत्तर टक्के.

गोव्यात, पुण्यात, कोल्हापुरात दोन-दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या पोरांसाठी इथंच सांगतो. नोकरी सुटली की फॉर्म १० सी भरून पेन्शनचे पैसे काढायची सवय वाईट आहे. साधारण सेवेच्या एका वर्षाला एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मिळते, तीही १५,००० च्या मर्यादेवर, पण त्याबरोबर सेवेची वर्षं पुसली जातात. साडेनऊ वर्षं झाली की दहा धरतात, आणि दहाला जन्मभराची पेन्शन लागू होते, मागं बायकोलाही. नऊ वर्षांवर पैसे काढणाऱ्यानं हे सहा महिन्यांसाठी घालवलेलं असतं. पैसे काढण्याऐवजी जुन्या यूएएनवर बदली घ्या. पाच वर्षांच्या आत ५०,००० च्या वर पीएफ काढला तर दहा टक्के टीडीएसही कापतात. पस्तिशीत काढलेला एक लाख सव्वाआठ टक्क्यांनी ५८ ला सहा लाखांच्या वर झाला असता.

भावाची पेन्शन. पेन्शन विकणं, म्हणजे अंशराशीकरण, मुळात वाईट नाही. फौजेत पन्नास टक्क्यांपर्यंत विकता येते. समजा त्याची मूळ पेन्शन २४,००० आहे आणि पुढच्या वाढदिवसाला तो चाळीसचा होतोय. निम्मी विकली तर १२,००० गुणिले १२ गुणिले ९.०९ (त्या वयाचा ठरलेला गुणक), म्हणजे १३,०८,९६०, करमुक्त. त्या बदल्यात पंधरा वर्षं दरमहा १२,००० कमी, एकूण २१,६०,०००. व्याजात मांडलं तर हे सव्वासात टक्क्यांच्या आसपासचं कर्ज पडतं. इतक्या स्वस्तात दुसरीकडं मिळणार नाही. महागाई भत्ता पूर्ण २४,००० वरच मिळत राहतो. मधे काही बरंवाईट झालं तर कुटुंब पेन्शनमधून कापत नाहीत. पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत चालू होतो. ती तारीख पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) बघून लिहून ठेवावी आणि त्या महिन्यात फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर रक्कम तपासावी.

म्हणून घर बांधायला, किंवा जास्त व्याजाचं कर्ज मिटवायला विकणं शहाणपणाचं आहे. महिन्याच्या खर्चासाठी नाही, आणि दुसऱ्याच्या घराच्या खर्चासाठी तर मुळीच नाही. चाळिशीत त्याची पोरं शाळेत आहेत, दुसरी नोकरी लागेल न लागेल. त्याला मदत करायचीच असेल तर स्वतःच्या ग्रॅच्युइटीतून लाख-सव्वा लाख दोन वर्षांसाठी द्यावेत, कागदावर लिहून, परतफेडीच्या तारखेसह. भावाभावांतलं कागदावर नसलेलं देणं पुढं वाटणीच्या वेळी वर येतं.

तेरा लाख भावाच्या हातात आले की गावातल्या, नातेवाइकाच्या सोसायटीत साडेदहा-अकरा टक्क्यांनी ठेवायचा आग्रह होईल. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सोसायटीतल्या ठेवीला नाही. मल्टिस्टेट सोसायटी असेल तर तंटा लवादाकडं जातो, आणि कार्यालय सीमेपलीकडं असलं की खेपा घालण्यात वर्षं जातात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत निवृत्त फौजींना पन्नाशीपासून पैसे ठेवता येतात, चाळिशीत नाही. तोवर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आणि बँकेची मुदतठेव एवढ्यावर राहावं.

कर्नाटक राज्य सरकारी नोकरीतल्या वाचकांसाठी: तुमच्याकडं एक तृतीयांशच विकता येते, आणि १ एप्रिल २००६ पासून लागलेल्यांना एनपीएस (वर्गणीवर चालणारी पेन्शन योजना) आहे, तिथं विक्री हा प्रकारच नाही.

शेवटचं काम आजच करता येण्यासारखं आहे. पीएफचे दावे आपल्याकडं सगळ्यात जास्त अडतात ते नावावरून. कारखान्यानं रजिस्टरवर लिहिलेलं इंग्रजी नाव, कन्नडवरून इंग्रजीत गेलेलं आधारवरचं नाव आणि मराठी शाळेच्या दाखल्यावरचं नाव, तीन कागदांवर तीन तऱ्हा. एकात परशुराम, दुसऱ्यात परशराम. एकात आडनाव आधी, दुसऱ्यात वडिलांचं नाव शेवटी आणि आडनावच नाही. जन्मतारखेत वर्षाचा फरक तर नेहमीचा. यूएएन पोर्टलवर जाऊन नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, नोकरीत लागल्याची तारीख आधारशी ताडून बघा. फरक असेल तर कंपनीकडून संयुक्त घोषणापत्र भरून घ्या. नोकरीत असेतो टाइम ऑफिसातला माणूस ओळखीचा असतो, सही मिळते. कंपनी बंद पडल्यावर किंवा मालक बदलल्यावर तीच सही मिळवायला वर्ष लागतं. त्याच वेळी नॉमिनेशनही बघा. लग्नाआधी भरलेलं असेल तर त्यावर अजून आईचंच नाव असेल.